खोटा हिरवा ठिपका

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आज. दुपारी शेंदूरजनाघाटहून रफीकभाईंचा फोन. संत्र्याचे अडते, पावत्यांसाठी आमचंच ॲप वापरतात. ॲप नीट चालू असलं की त्याच्या पानावर हिरवा ठिपका दिसते, बिघडलं की लाल. म्हणाले, "ताई, तुमच्या पानावर हिरवा ठिपका दिसून राहिला, मंग पावती काहून निघून नाही राहिली? गाड्या उभ्या हायेत."

बिल्डचा लॉग, म्हणजे नवं व्हर्जन तयार होतानाची नोंद, उघडला. सकाळचं नवं व्हर्जन टेस्टमध्येच फेल. तरी ठिपका हिरवा. साहेबाले विचारलं, तर म्हणे, "लाल दिसलं की गिऱ्हाईक घाबरते. हिरवाच ठेवतो आपण." आपण म्हणजे कोण? अन् लॉग दाखवायचा नाही, गिऱ्हाइकाले त्यातलं समजत नाही म्हणे. पेटी न उघडता नासका माल वळखणाऱ्या माणसाले म्हणे समजत नाही!

टेस्टचा निकाल काहीही लागो, ठिपका हिरवाच ठेवणारी कोडमधली ओळ शोधली. लिहिणाऱ्याच्या जागी माझंच नाव. मागच्या हंगामात साहेबानं सांगितलं, मी लिहिली अन् विसरलीसुद्धा. दुपारपासून शिव्या कोणाले देत होती मी?

ओळ पुसली. ठिपका लाल झाला. रफीकभाईले फोन करून सांगितलं, हिरवा खोटा होता.

ते घाबरले नाहीत. म्हणाले, "बरं, हातानंच लिहितो पावत्या. सकाळी सांगतलं असतं तर गाड्या कधीच्याच गेल्या असत्या."