पंधरा गुंठ्यांची थट्टा

प्रिय दत्तू,

मी, शंकर रामजी जगदाळे, वय वर्षे बहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी पास, निवृत्त हवालदार, सध्या धंदा शेती, आपल्या गावच्या हायस्कुलाच्या शाळा समितीचा अध्यक्ष, तालुका वाई, जिल्हा सातारा, कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील मजकूर लिहीत आहे. पाठच्या भावाला असे कोणी लिहिते का, असे तू विचारशील. साधे पत्र लिहायला बसलो तर मी स्वतःला सवलत देईन, म्हणून ही रीत धरली आहे.

परवा तुझे वर्षश्राद्ध झाले. त्या दिवशी मला जे कळले ते तुला पहिल्यापासून ठाऊक होते. मला सांगितले का नाहीस, दत्तू?

ती पालक सभा आठवते ना? अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नुकतीच आली होती. तुझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आखातातून आणलेला कॅलक्युलेटर तू टेबलावर ठेवलास. तळहाताएवढे यंत्र, पण ते पाहायला माणसे खिडकीत चढली होती! तू म्हणालास, नववी-दहावीच्या मुलांना हे वापरू द्यावे. लॉगची कोष्टके चालतात, तर हे का नको? मुलांनी आधी तोंडी अंदाज सांगावा, मग बटणे दाबावीत.

मी अध्यक्षाच्या खुर्चीवर होतो. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे ज्याला झोपेतही चुकत नाहीत, त्याच्यासमोर यंत्राची भलामण! मला ते सहन झाले नाही. मी उभा राहून सवाल टाकला, "दहा साखळ्या लांब, दहा साखळ्या रुंद वावर. किती एकर? तुज्या डबीला इचार."

आपली साखळी तेहतीस फुटांची, साखळीच्या चौकोनाचा एक गुंठा, हे पोरांनाही ठाऊक. दहा दाहे शंभर गुंठे, चाळिसांचा एक एकर. तू पहिले बटण दाबण्याआधीच मी उत्तर सांगितले, "दोन एकर वीस गुंठं!" टाळ्या पडल्या.

मग तू यंत्र माझ्यापुढे धरलेस. त्यावर लाल अक्षरांत दोन, मग टिंब, मग पाच.

जन्मभर शेताच्या कागदावर मी असेच वाचत आलो. आधी एकर, मग गुंठे. मी यंत्र हातात उंच धरून ओरडलो, "दोन एकर पाच गुंठं! आरं, माजं पंधरा गुंठं गिळलं की ह्यानं!"

केवढा हशा उसळला! मागून कोणीतरी म्हणाले, "मास्तर, यंत्राला जुलाब द्या, पडतील भाईर!" तू काही बोलणार होतास. माझ्याकडे पाहिलेस आणि थांबलास. मग एवढेच म्हणालास, "दादांचा हिशेब बरोबर आहे." त्याच सभेत मी ठराव करून घेतला, की हे यंत्र शाळेत पुन्हा दिसू नये.

पुढे ती गोष्ट मी कोठे सांगितली नाही? साताऱ्यात पेन्शनरांच्या रांगेत सांगितली, वाईच्या एस.टी.त सांगितली. आटपाडीला तुझ्या सासरवाडीच्या पंगतीतही सांगितली. माझ्या शेजारच्या पाटावर बसून तू मान खाली घालून हसलास. ते हसणे मी कबुली समजलो!

परवा आटपाडीची मंडळी श्राद्धाला आली होती. जेवणे झाल्यावर तुझा मेहुणा म्हणाला, "दादा, ते पंधरा गुंठ्याचं सांगा की. दाजींची आठवण तरी हुईल." मी सांगू लागलो. "गिळलं की ह्यानं" एवढे म्हणतो तोच नात सुमन ओसरीत उभी राहिली. तुला अप्पा म्हणणारी ही पोर त्या सभेच्या वेळी तुझ्याच नववीच्या वर्गात होती.

"आबा, पुरं करा आता."

"का गं?"

"टिंबाम्होरं पाच म्हंजी अर्धा. ते अडीच हुतं. अडीच एकर म्हंजी दोन एकर वीस गुंठं. यंत्रानं तुमचंच उत्तर दिलं हुतं."

अडीचकी तोंडपाठ असल्याची ज्याने जन्मभर मिजास केली, त्याला समोर धरलेले अडीच ओळखता आले नव्हते!

"तुला कवा कळलं?" मी विचारले.

"तवाच. समद्या वर्गाला म्हाईत हुतं. दुसऱ्या दिशी वर्गात पोरं हसाय लागली तवा अप्पांनी गप केलं. म्हनाले, दादांचं गणित बरोबर हाय. यंत्राची भाषा त्यास्नी कुणी शिकवली न्हाई, आन् मीबी सांगाय चुकलो. भाईर कुणी बोलायचं न्हाई."

दत्तू, तुला खांद्यावर घेऊन बांधावरून चालताना पाढे मीच म्हणून घेत असे. तेव्हा तू चुकलास की मी टपली मारून जागच्या जागी सुधारत असे. तू मला एक टपली का मारली नाहीस? घरी जेवताना सांगायचे होतेस. मी ऐकले असते का? नसते. ताट सरकवून उठलो असतो, हेही मी शपथेवर लिहितो.

सुमनने मला तुझा नियमही सांगितला. ज्याला बेरीज-गुणाकार हाताने येतो, उत्तर किती यावे याचा अंदाज सांगता येतो, आणि आलेले उत्तर एकरात, शेरात, हातात उलगडता येते, त्याच्याच हाती यंत्र द्यावे. या तिसऱ्या पायरीवर मी अडखळलो आणि शिक्षा तुझ्या वर्गाला दिली. ती पोरे दहावीला मोठमोठे गुणाकार करता करता मूळ उदाहरणच विसरत, असे सुमन म्हणते. मला ते ऐकवत नव्हते.

शाळा उघडली की पालक सभा आहे. त्या सभेत मी खुर्चीवर बसणार नाही. उभा राहून सांगेन, की यंत्र बरोबर होते, माझा भाऊ बरोबर होता आणि वाचायला चुकलो तो मी. ठराव मागे घ्यायला मीच सुचवीन. मग सुमनने कोणताही हिशेब यंत्रावर करावा आणि त्याचे उत्तर मी सर्वांसमक्ष वाचावे. पुन्हा चुकलो तर लोकांनी खुशाल हसावे. त्यांना कोणी गप करणार नाही, हे माझे तुला वचन आहे.

तुझा थोरला भाऊ,
शंकर रामजी जगदाळे

लिहितेवेळी हजर साक्षीदार: एक, नात सुमन, जिने हा मजकूर मोठ्याने वाचून दाखविला. दोन, तुझी पत्नी अनसूया, जी थोरल्या दिरासमोर आजवर एक शब्द बोललेली नव्हती. ती दाराआडून ऐकत होती. वाचन संपल्यावर ती पदर सावरून बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सभेला मीबी येनार हाय. म्होरं बसनार."