टार्निटमधली रक्ततपासणी

मेलबर्न, सप्टेंबर २००८

ती. विनितामावशीस,

मयूराचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच, एका खोलीत आम्ही चौघी विद्यार्थिनी राहतो, आडवं व्हायला जागा नाही). तुझा गुडघा आता वळतो का?

तू म्हणालीस, अनिशला इथं कायम राहायचा पीआर मिळालाय म्हणजे रक्त तपासलेलं असणारच, आता एचआयव्ही टेस्टचा हट्ट कशाला. मावशी, ती तपासणी दोन वर्षांपूर्वीची. (मी पॅथॉलॉजी शिकते, शिळा रिपोर्ट मला चालत नाही.) शिवाय टेस्ट दोघांची, माझीसुद्धा. काही निघालं तर औषधं आहेत, लग्नही होतं. फक्त आधी माहीत हवं. अनिश लगेच "नो वरीज, मेट" म्हणाला. (साखरपुडा झालेल्या मुलीला मेट!)

शनिवारी दुपारी टार्निट उपनगरात त्याच्या घराजवळच्या दवाखान्यात गेलो. तिथली घरं सगळी नवी, एकाच रंगाची, पडदे ओढलेली. रस्त्यावर माणूस नाही. एका रिकाम्या प्लॉटवर स्प्रिंकलर एकटाच गवताला पाणी घालत होता. दवाखान्यात मात्र तीन मराठी जोडपी, बहुधा याच कामाला आलेली. ज्या प्रल्हादबरोबर गेल्या आठवड्यात घसा बसेपर्यंत आरत्या म्हटल्या, तो आणि त्याची होणारी बायको आम्हाला पाहताच समोरच्या फिश टँककडे टक लावून बसले. टँकमध्ये मासा नव्हता. मग आम्हीही तिकडेच बघत बसलो.

नर्स बाहेर आली आणि अनिशनं नाव सांगायच्या आत हसली, "अनिश! अगेन?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

गाडीत मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, आधी तिघींशी ठरलं होतं, तिघींनाही इथेच आणलं होतं.

"रिपोर्ट?"

"निगेटिव्ह. सगळ्यांचे."

"मग लग्नं का मोडली?"

त्यानं इंडिकेटर दिला. रस्ता सरळ होता, वळायला कुठे काही नव्हतं. तो घरापर्यंत टिकटिकत राहिला.

घरी त्यानं मला हिरवा चुडा दिला. माप विचारलं नव्हतं, तरी बरोबर बसला. (काढताना साबण लागला.)

बाकी ठीक. काकांना नमस्कार.

तुझी,
मयूरा

ता. क. : रिपोर्ट आले. दोघांचेही निगेटिव्ह. आईला एवढंच सांग. मात्र हॉल बुक करायला निघाली तर थांबव.

ता. क. २ : तू मला 'त्याचं हे पहिलंच स्थळ' म्हणाली होतीस. तो म्हणतो, त्या तिघीही तूच सुचवल्या होत्यास. मला त्यांतल्या एकीचा फोन नंबर हवाय. कुठलीही चालेल. जी अजून फोन उचलते ती.