मागची अखंड भिंत

४ जून १९७२
सरकारी वास्तुकार म्हणून कोल्हापुरात रुजू झालो. राजारामपुरीत खोली मिळाली. घरमालकीण अक्कांच्या तांबड्या रश्श्यानं पहिल्याच दिवशी डोळ्यांत पाणी आणलं! पहिलं कामही झकास: गगनबावड्याच्या वाटेवर शेळवाडीला सहा खाटांचा दवाखाना. चहा गार होईपर्यंत रेघा ओढत बसलो.

२० नोव्हेंबर
बांधकाम पाहून आलो. गवंडी केरबा म्हणाला, "सायेब, मागं एक दार सोडा की. आजारी माणसं असणार आत." मागची भिंत अखंडच शोभते, असं सांगून त्याला गप्प केलं.

१४ मार्च १९७३
काल दवाखान्यात पुढच्या दाराशी स्टोव्ह भडकला. आया धोंडुबाईनं बाळंतिणीला आणि बाळाला ओल्या घोंगड्यात गुंडाळून बाहेर ढकललं. तिला स्वतःला निघता आलं नाही. मागच्या भिंतीपाशी सापडली. गिलाव्यात तिची नखं रुतली होती.

१९ मार्च
चौकशी झाली. आदल्या दिवशी मी जुन्या नकाशावर मागचं दार नव्यानं रेखून ठेवलं होतं. गवंड्यानंच ते बांधलं नाही, असं मी सांगितलं. केरबाचं सरकारी काम कायमचं बंद. 

२ एप्रिल
कचेरीत, भर दुपारी, भिंतीतून खरवडल्याचा आवाज. शेजारच्या टेबलावरचे गणपतराव म्हणाले, उंदीर असतील.

९ एप्रिल
आता खोलीतही. भिंतीला हात लावला, पोळला. अक्कांनी लावून पाहिला. गारच आहे म्हणाल्या.

१२ एप्रिल
गिलावा आतून फुगलाय. पाच ठिकाणी. बोटांएवढं—

१५ एप्रिल
वरच्या साहेबांना सगळं खरं लिहून दिलं. वाटलं, थांबेल. थांबलं नाही.

१७ एप्रिल
शेळवाडीला केरबाच्या घरी आलो. त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "माफीचं ऱ्हाऊ द्या. आदी भित फोडू, चला." पहार घेऊन निघालाय.

दुपार
दवाखान्याच्या मागच्या भिंतीची बाहेरून पहिली वीट निघाली. आत उजेड नाही. छप्पर तर जळून गेलंय— तरी अंधार. हात घातला.

डाव्या हातानं लिहितोय. उजवा कुणीतरी धरलाय. केरबा माणसं आणायला पळालाय. आत कोणी न्हाय म्हणत होता. पण बोटं— ओढत नाहीत. बाहेर काढा म्हणून धरावं, तशी धरलीत. बांगड्या लागतायत. धोंडुबाई, सोडणार नाही, मीच ती भिंत—