रंग खाणारं पाणी

३ मार्च

प्रयोगशाळेत बाटल्या धुते, पण तिथे करतात काय ते आजच नीट पाहिलं. तळ्याचं पाणी, अगदी नितळ. मॅडमनी त्यात आम्ल घातलं, मग जांभळं औषध, आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवली. थोड्या वेळाने रंग निम्मा गायब! कुणी ओतला नाही, गाळला नाही. मॅडम म्हणाल्या, "पाला, शेवाळ, उष्टं-खरकटं, सगळं कुजून पाण्यात विरतं. डोळ्याला दिसत नाही. औषध ते जाळतं, आणि जाळता जाळता स्वतः संपतं."

पाण्यात जळतं म्हणे. विस्तव नाही, धूर नाही. मी खांबासारखी उभी. भांडी तशीच पडली.

४ मार्च

घरी सांगितलं. नवरा लगेच — "मग आपली विहीर तपासून आण. नात रांगायला लागलीय. पाणी खराब निघालं तर बुजवूनच टाकू." सासूबाईंचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, आरशासारखं पाणी आहे, लावा पैज.

सासरे गेल्यापासून म्हातारी त्या काठावरच बसते. बुजवली तर जाईल कुठे?

६ मार्च

आमच्या विहिरीच्या पाण्यातला रंग पार उडाला. पण मॅडमनी ताडून बघायला शेजारी ठेवलेल्या शुद्ध पाण्यातलाही उडाला!

"बाटल्या पुसल्या कुणी?"

मी. फडक्याने, चकाचक.

"अहो मावशी, फडक्याचे धागे, हाताचं तेल, तेही जळतं. पुसायच्या नाहीत. नुसत्या उपड्या घालायच्या."

म्हणजे माझा हातसुद्धा दिसला त्या औषधाला. बराच वेळ तळवे बघत बसले.

७ मार्च

न पुसलेल्या बाटल्या. शुद्ध पाणी जांभळंच राहिलं. आमचं — उडालं. पैज हरले.

८ मार्च

सकाळी सांगून टाकलं. मला गोड बोलून सांगता येत नाही. नवरा म्हणाला, "मातीची गाडी बोलावतो."

सासूबाई उठून दारात उभ्या राहिल्या. "विहिरीला कशाला शिक्षा? भात मी टाकते. रोज मूठभर. ह्यांनी सोडलेला मासा आहे अजून आत."

इतकी वर्षं एका घरात राहून आम्हाला पत्ता नाही. तो त्या जांभळ्या रंगाला लागला.

९ मार्च

मासा पाहिला. केवढा झालाय! प्यायला आता नळाचं पाणी. नवऱ्याने विहिरीवर जाळी ठोकली. मधे मूठ जाईल एवढी जागा ठेवली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.