मागच्या दाराची गल्ली

३ सप्टेंबर
आई न्हाणीत घसरली. हाड शाबूत, मनगट सुजलंय. दादा गावाबाहेरच्या बोगादीहून लगेच आला. न्हाणीच्या ओल्या पायऱ्या बघून म्हणाला, "आता नवं बाथरूम. सपाट, धरायला दांडा वगैरे." खरंच आहे. जागा कुठे, म्हटलं. त्याने मागच्या दाराकडे बोट केलं.

५ सप्टेंबर
आज नीट कळलं. मागची गल्ली बंद होणार. आमच्या रांगेच्या आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या घरांच्या पाठी या गल्लीत येतात. दोन्हीकडच्यांनी अर्धी अर्धी आत घ्यायची, मध्ये भिंत. कोपऱ्यावरच्या टेलरने सुरुवातही केली. आमचं घर आणि गल्लीपलीकडच्या जयम्मांचं, एवढीच राहिलीत.
आईला कोण सांगणार? दादा: "तू सांग. तुझं ऐकते ती."
कधी ऐकलंय?

७ सप्टेंबर
सकाळी मुद्दाम मागच्या पायरीवर बसले. रोजचंच, पण मी कधी पाहिलं नव्हतं. आधी जयम्मांची कडी वाजते, मग आमची. "तिंडी आयता?" नाश्त्याची चौकशी. आई कन्नडात सुरू करते, मध्येच मराठीत शिरते, जयम्मांना फरक पडत नाही. इडलीची ताटली इकडून तिकडे, रिकामी कधी परत येत नाही.
मध्ये चारेक पावलांची फरशी. पण पुढच्या दाराने जायचं तर सबंध बाजाराला वळसा, हातगाड्या, रिक्षा. आईच्या गुडघ्यांना जयम्मांचं पुढचं दार म्हणजे परगाव.
भिंत झाली की...

११ सप्टेंबर
सांगितलं. आईने मागच्या भिंतीकडे बोट केलं. मग भलतंच बोलायला लागली. मागच्या भिंतीत खाली एक चौकोन बुजवलेला दिसतो ना, तिथे पूर्वी टोपलीच्या संडासाची झडप होती. "मी लग्न होऊन आले तेव्हा चालू होतं ते. बाई यायची गल्लीतून, झडप उचलायची, टोपली भरायची. डोक्यावर घेऊन जायची. नाव कुणी विचारलं नाही गं तिचं."
म्हणजे गल्ली त्यासाठी. त्या बायका पुढच्या रस्त्यावर कुणाला दिसू नयेत म्हणून कुणीतरी नकाशावर दोन रेषा मारल्या. मग संडास बदलले, गल्ली रिकामी झाली. आणि पुढच्या रस्त्यावर ज्यांना पायरीवर निवांत बसता येत नव्हतं, त्या घराघरांतल्या बायका हळूहळू इथे येऊन बसल्या. तांदूळ निवडत, केस वाळवत.
माणसं लपवायला काढलेल्या जागेतच आईला तिची मैत्रीण भेटली. हे ठरवलं कुणीच नव्हतं. दिवसभर याच विचारात. बरं वाटतं, पण पूर्ण नाही.

१८ सप्टेंबर
दुपारी दादाकडे. छान आहे त्याचं लेआउट, नवी आखीव वसाहत. रुंद रस्ते, झाडं, पार्कात चालायला गोल वाट. सगळे एकाच दिशेने चालतात, म्हणून फक्त पाठी दिसतात. घरांचंही तसंच, पाठीला पाठ. वहिनीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून भिंत दिसते.
"पलीकडे कोण राहतं गं?"
"माहीत नाही. कुकर बराच वेळ शिट्ट्या मारतो. माणसं बरीच असावीत."
हसलो दोघी. निघताना तीच पुन्हा म्हणाली, "खरंच, बघून यायला पाहिजे एकदा." किती वर्षं झाली इथे येऊन तिला!

२४ सप्टेंबर
चामुंडीच्या टेकडीच्या पायऱ्या चढले, दगडी नंदीपर्यंतच. वाऱ्याने धुकं हटलं आणि सगळं गाव खाली उघडं पडलं. तळी, राजवाडा, मग आमचा लष्कर मोहल्ला. घरांच्या रांगांमधून बारीक काळ्या रेघा गेलेल्या. गल्ल्याच त्या! पोलक्याची उलटी बाजू पाहावी तसं. शिवण आत असते, दिसत नाही, पण कापड तिच्यावर टिकलेलं.
किती तरी वेळ उभी होते. त्या प्रत्येक रेघेत कुणी तरी कुणाला आत्ता काही तरी विचारत असेल. इतक्या वरून काही ऐकू येत नाही, तरी कान देऊन होते.

१५ ऑक्टोबर
दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या. आई खुर्चीत बसून हुकूम सोडत होती, "राजा-राणी वर गं, वाणी खाली!" संध्याकाळी जयम्मांना बोलावलं. गल्लीत टेलरच्या बांधकामाच्या दगडविटा इथवर पसरल्यात, पाय ठेवायला जागा नाही. फोन केला, पुढून या.
तासभर झाला तरी येईनात. बघायला गेले, तर तीन घरं पलीकडे भलत्याच दारापुढे उभ्या. नवी साडी, हातात शेवंतीची वेणी.
"जयम्मा, इकडे!"
"अय्यो, निम्म मने मुखाने नोडिल्ल नानु!" तुमच्या घराचं तोंडच पाहिलेलं नाही मी.
जन्म गेला शेजारात, आणि घर ओळखू आलं नाही. आत आल्यावरही बावरल्या. बाहुल्यांसमोर न थांबता थेट स्वयंपाकघरात गेल्या, मागच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "हां. आता कळलं." तिथून वळून मग बाहुल्या बघायला आल्या.
आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दादा आलेला होता, तो हसला नाही. बराच वेळ मागच्या दाराकडे बघत होता.

२७ ऑक्टोबर
गवंडी आला. विटा बाजूला सारून गल्लीच्या मधोमध चुन्याची रेघ मारली त्याने. आई मागच्या पायरीवर, मनगटाला अजून पट्टी. समोरचं जयम्मांचं दार बंद होतं.
गवंड्याने विचारलं, "नव्या भिंतीत काही ठेवायचंय? खिडकी वगैरे?"
आई म्हणाली, "दार."
दादा समजावायला लागला, "आई, बाथरूम आहे ते. आणि दार उघडलंस तर समोर त्यांची भिंत."
"मग त्यांनाही सांग, दार ठेवा म्हणावं."
"बाथरूममधून त्यांच्याकडे दार?"
"तुला बाथरूम सुचलं ना? बाकीचं पण तूच सुचव."
गवंडी तोंड फिरवून हसला. दादाने टेप गुंडाळला, पुन्हा सोडला. आमच्या न्हाणीच्या पायऱ्या बघून आला. आईच्या मनगटाकडे पाहिलं. मग चुन्याची रेघ ओलांडून पलीकडे गेला, सबंध पाऊल उचलून, जणू उंबरठाच आहे. जयम्मांच्या दारावर थाप मारली.
आत कडी वाजली. दार उघडलं.
मी हे लिहितेय, अजून बोलतायत. दादाचं कन्नड मोडकंतोडकं, ऐकू येतंय थोडं थोडं. गवंडी थापी खाली ठेवून बसलाय. आईने चहाचं आधण ठेवायला सांगितलंय, पाचजणांचं.