घोड्याखालचा माणूस

यानापांपा, ऑगस्ट १८२६

आदरणीय भावोजी डॉन इलारियोन यांस धाकट्या मेहुण्याचा, सेलेदोनियोचा, कंबर दुखेपर्यंत वाकून नमस्कार.

चुकिसाकाच्या थंडीत तुमचा दमा काय म्हणतो? अक्काचे गुडघे? इकडे देवमातेच्या कृपेने बटाटे आणि प्रजासत्ताक दोन्ही रुजले. बटाट्यांना अजून कीड नाही.

तुम्ही मंत्रालयात बसता, म्हणून विचारलंत की स्वातंत्र्य आमच्या गावापर्यंत नीट पोचलं का. पोचलं की! गव्हर्नर डॉन एवारिस्तो यांनी वेशीवर जाऊन जातीने त्याचं स्वागत केलं. (हो, तेच. स्पेनच्या राजाच्या नावाने आम्हाला अठरा वर्षं फटके मारणारे. त्यांनी टोपीची फीत बदलली, खालचं डोकं तेच आहे.) पाद्रीबाबांनीही राजाच्या विजयासाठी बसवलेली प्रार्थना त्याच चालीवर राजाच्या पराभवासाठी म्हटली. चाल चांगली आहे, कुणाच्याही पराभवाला शोभते.

आता आमच्या चर्चमधली संत सांतियागोची मूर्ती आठवा. पांढरा घोडा, उगारलेली तलवार आणि पुढच्या टापांखाली उताणा पडलेला माणूस. स्पेनमध्ये म्हणे तिथे मूर, म्हणजे त्यांचा जुना मुसलमान शत्रू, असतो. इथे मूर कुणी पाहिलेला नाही, म्हणून आपल्या पणजोबांनी डोंगरातला आदिवासी घातला, लोकरीच्या टोपीसकट. (जुलैच्या उत्सवात हा सगळा भार खांद्यावर घेऊन मिरवणारेही आदिवासीच. त्यांना त्यात काही वावगं वाटत असेल, तर त्यांनी आम्हाला तरी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.) यंदा डॉन एवारिस्तोंनी जाहीर केलं की आता सगळे समान, तेव्हा हा माणूस चालणार नाही. लगेच समिती नेमली. मीही तीत होतो. मी म्हटलं, तो माणूस काढूनच टाकू. सुतार हसला. घोड्याचा सगळा भार म्हणे त्याच्याच छातीवर आहे. तो काढला तर संत तोंडावर आपटेल. म्हणजे कुणीतरी खाली हवंच. दोन तास भांडून ठरलं की राजाचा माणूस घालावा.

काम मिळालं मूर्ती कोरणाऱ्या-रंगवणाऱ्या मेल्चोर कुसीला. हा डोंगरातलाच, पण हात देवाचा. त्याने गव्हर्नरांना अदबीने विचारलं, "साहेब, राजाचा माणूस दिसतो कसा?"

"मला काय विचारतोस? डोळे आहेत ना? पाहिलेला घडव!"

उत्सवाच्या दिवशी चौकात पडदा सरला आणि सगळा गाव एकदम भाविक होऊन जमिनीकडे बघायला लागला. निभावलंही असतं. पण गव्हर्नरांच्या सौभाग्यवती डोन्या पेत्रोनिला कानाने कमी आहेत, त्यामुळे आवाजाने जास्त. "अहो, हे तर तुम्ही! नाकावरचा चामखीळसुद्धा सोडला नाही हो मेल्याने!" त्यावर मक्याची दारू विकणारी युस्ताकिया म्हणाली, "दमले असतील साहेब. जरा पाठ टेकलीत, बरं केलंत."

खटला दुपारीच चालला. फिर्यादी डॉन एवारिस्तो, न्यायाधीशही तेच. गुन्हा, प्रजासत्ताकाचा अपमान. मेल्चोर म्हणाला, "मी दुसरा कुणी पाहिलाच नाही, साहेब." या खरं बोलण्याबद्दल त्याला पोटोसीच्या खाणीत पाठवायचं ठरलंय. सक्तीची मजुरी आता कायद्याने बंद आहे, म्हणून त्याने स्वेच्छेने जायचं आहे. स्वेच्छा वाटेत पळू नये म्हणून बेड्या घालणार आहेत. तोवर तो खोड्यात आहे. मी भाकरी घेऊन गेलो तर विचारतो कसा, "मालक, चामखीळ डावीकडे हवा होता का?"

असो. मोठ्या शहरात तुम्हाला हे खेडवळ किस्से कशाला! अक्काला नमस्कार. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर थोडं बरं चॉकलेट पाठवावं.

तुमचा,
सेलेदोनियो

ता. क. चॉकलेट राहू द्या. संत बार्तोलोमेचा सण झाला की खेचरांचा तांडा पोटोसीला निघेल, आणि मेल्चोरची छाती तुमच्यापेक्षा वाईट आहे. खाणीत तो उन्हाळा बघणार नाही. त्याआधी मंत्र्यांच्या शिक्क्याचा हुकूम धाडा. त्यात दया, न्याय असले शब्द घालू नका, इथे संशय घेतात. मंत्र्यांची तसबीर काढायला चित्रकार हवाय, एवढंच लिहा. मंत्र्यांना चामखीळ असेल तर आधी कळवा.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करताना कळलं ते लिहितो. पोटोसीहून नवा मूर्तिकार आणून घोड्याखाली पुन्हा आदिवासीच घडवून घेतला, तात्पुरता म्हणे. समोर बसायला न हलणारा माणूस हवा होता. खोड्यात मेल्चोर होताच. प्रजासत्ताकात कुणी दुःखी दिसू नये, म्हणून गव्हर्नरांनी चेहरा हसरा करायला लावला. लगेच जाऊन मेल्चोरला विचारलं, जमलाय का रे? म्हणाला, "चेहरा माझाच आहे, मालक. हसू तेवढं त्यांच्या पदरचं."