किशोरीकडचो जळको डोंगर

माझे धाकटे भैणीक, चि. सुगंधास, आक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनार तुका ऐकाक येणा नाय, म्हणून लिवतंय. माझ्या नातीक, किशोरीक, चेडू झाला, म्हणजे माका पणती. नाक अगदी तुझा.

हय अमेरिकेत घरामागचो डोंगर वणव्यात जळलो. आता पाऊस येतलो म्हणून सरकारी माणसांनी घर सोडूक सांगल्यानी. किशोरी म्हणता, "आजी, जळक्या मातीत पाणी जिरणा नाय, धोंडे घेवन खाली येता." माका काय कळला नाय. आपण पावसाआधी पालो जाळून जमीन भाजतो, तेव्हाच भाताचो तरवो बरो येता मा? पण तिना बाळाक घेतल्यान, मीय गाडयेत बसलंय. आता शाळेतल्या छावणीत रवतो.

गो, तुझ्या मागचो डोंगरय शिमग्यात जळलो मा? पावसाआधी आचऱ्याक माझ्या घरात जावन रव. चावी न्हाणयेच्या कौलाखाली आसा. हट्ट करू नको, मीय केलंय नाय.

तुझी आक्का